अंगठा उमटत नाही म्हणाला आणि ७,००० रुपये काढून घेतले

एप्रिल २०२० मधली गोष्ट. टाळेबंदीनं बाजार बंद, आमचे टोमॅटो झाडावरच पिकून गळत होते. २६ मार्चला अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जाहीर केलं होतं की पीएम किसानचा २,००० रुपयांचा हप्ता एप्रिलच्या सुरुवातीलाच देणार. वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत, थेट खात्यावर, ही योजना आधीचीच. पण गावात त्याला 'कोरोनाचे पैसे' म्हणत, आणि लगेच उचलले नाहीत तर सरकार परत घेतं अशी आवई उठली होती.

बँक लांब, रस्त्यात पोलीस. त्यामुळे बँकेचा माणूस म्हणवणारा एकजण अंगठ्याचं यंत्र घेऊन गल्लीत आला तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. मी शेतात होतो. आबांनी त्याला ओट्यावर बसवलं.

पुढचं मी आबांकडून तीन-चार वेळा ऐकलंय. त्यानं आधार नंबर घेतला, अंगठा ठेवायला लावला. "आबा, उमटत नाही." आबांची बोटं खुरप्यानं झिजलेली, रेशनच्या दुकानातही त्यांना अंगठा दोन-तीनदा ठेवावा लागतो. वावगं वाटलं नाही. त्यानं सॅनिटायझर देऊन बोट पुसायला सांगितलं, पुन्हा ठेवायला लावलं. "सर्व्हर डाऊन आहे." तिसऱ्यांदा ठेवल्यावर २,००० रुपये मोजून हातात दिले. पावतीचा रोल संपलाय म्हणाला. आबांनी त्याला चहा पाजला.

जूनमध्ये पीक कर्जासाठी पासबुक भरून घेतलं, तर त्याच तारखेला दोन नोंदी: ७,००० आणि २,०००. बियाण्यासाठी ठेवलेले हरभऱ्याचे पैसे होते ते. न उमटलेला अंगठा उमटला होता. मेसेज आला नाही, कारण खात्याला जोडलेलं सिम कधीच बंद पडलं होतं. ते बदलणं माझं काम होतं, आणि ते अजून टोचतं.

बँकेत उत्तर मिळालं: अंगठा जुळलाय, म्हणजे पैसे तुम्हीच काढलेत. शिल्लक बघायला तोच अंगठा, पैसे काढायलाही तोच. पिन नाही, ओटीपी नाही. यंत्रात काय निवडलं, किती आकडा टाकला, ते चालवणाऱ्यालाच दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांत अशा तक्रारीसाठी पहिले ३ कामकाजाचे दिवस फार मोलाचे आहेत. आम्ही दोन महिन्यांनी गेलो होतो. पैसे गेले ते गेलेच.

हप्ता खात्यावर आपोआप येतो, कुणाच्या यंत्रानं येत नाही. घाई करू नका. अंगठा ठेवण्याआधी पडद्यावरचा आकडा घरातल्या वाचता येणाऱ्याला बघू द्या. उमटला नाही म्हणाला तर तिथंच थांबा, दुसऱ्यांदा ठेवू नका, आणि पासबुक भरून घ्या. आधारच्या अधिकृत अॅपमधून बोटांचे ठसे लॉक करता येतात, हवे तेव्हाच उघडायचे. पैसे गेलेच तर त्याच दिवशी बँकेला कळवा आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या नंबरवर फोन करा. आमच्या वेळी हा नंबर नव्हता.

नंतर गल्लीतल्या इतरांची पासबुकं भरून आणली. आणखी चार घरांत हेच निघालं. त्यातल्या एका काकूंच्या जनधन खात्यावर महिलांसाठीचे ५०० रुपये आले होते. तेही त्यानं काढले होते, आणि त्यांना सांगितलं होतं, "काकू, तुमचे अजून आले नाहीत."