कर्ज ‘मिटवून देणारी’ कंपनी आणि फुकट सल्ला देणाऱ्या बाई: दोन्हींचा हिशेब

आधी गुण सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांची सुटका. कर्ज सेटल करून देणाऱ्या कंपनीला पाचपैकी दीड. मोफत सल्ला केंद्राला चार. कंपनीच्या दीडातला एक गुण फोनवरच्या त्या मुलीचा, कारण कित्येक महिन्यांत माझ्याशी कर्जाबद्दल न ओरडता बोललेली ती पहिलीच. तेव्हा मला तेवढ्याचीही भूक होती.

मी मुद्रितशोधक आहे. दिवसभर लोकांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढतो. तरी कंपनीच्या कराराचं नववं पान मी वाचलं ते सही करून पाच महिने झाल्यावर.

कर्जं पाच होती. दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन, एक मोबाइल अ‍ॅपचं आणि एक दुचाकीचं. हप्त्यांची बेरीज हातात येणाऱ्या पगाराच्या ६८ टक्के. कार्डांचा मी दोन वर्षं फक्त मिनिमम ड्यू, म्हणजे बँक मागते ती किमान रक्कम, भरत होतो आणि त्यालाच फेड म्हणत होतो. व्याज महिन्याला शेकडा ३, मिनिमम ५ टक्के. म्हणजे शंभरावर पाच भरले की तीन व्याजात गेले, मुद्दलातले दोनच हलले. या चालीने, कार्ड पुन्हा एकदाही न वापरता, बाकी निम्मी व्हायला साधारण ३४ महिने लागतात. मी तर कार्ड वापरतही होतो.

कंपनीची पद्धत अशी. हप्ते थांबवायचे, त्यातले जमतील तेवढे पैसे दरमहा एका वेगळ्या खात्यात टाकायचे. थकबाकी जुनी झाली की देणेकरी नव्हे, घेणेकरी नरमतो, मग साचलेल्या पैशांतून एकरकमी तडजोड. ‘सर, निम्म्यात सुटाल.’ दुचाकीच्या कर्जाला त्यांनी हात लावला नाही. तारण असलेल्या कर्जात त्यांची डाळ शिजत नाही.

निम्म्यात सुटण्याचं गणित मी अकराव्या महिन्यात मांडलं. शंभराची बाकी शेकडा ३ने ११ महिन्यांत १३८ होते, दंड वेगळा. एका कार्डाची तडजोड झाली ५५ टक्क्यांवर, पण ५५ टक्के शंभराचे नव्हेत, त्या १३८चे. म्हणजे ७६. त्यावर कंपनीचं शुल्क १८ टक्के, तेही वाचलेल्या रकमेवर नाही तर नोंदणीच्या वेळच्या कर्जावर. नववं पान ते हेच. एकूण ९४. अकरा महिने वसुलीवाल्यांच्या शिव्या खाऊन मी शंभरातले सहा वाचवले, आणि क्रेडिट रिपोर्टवर ‘बंद’ऐवजी ‘सेटल्ड’ असा शेरा लावून घेतला. तो वर्षानुवर्षं पाठ सोडत नाही. काही देशांत माफ झालेली रक्कम उत्पन्न धरून तिच्यावर करही लावतात, ते आणखी निराळं. अमेरिकेत फोनवरून गिऱ्हाईक गाठणाऱ्या अशा कंपन्यांना २०१०च्या नियमाने एक तरी कर्ज मिटवल्याशिवाय शुल्क घ्यायला बंदी आहे. माझ्याकडून ‘नोंदणी’चे पैसे पहिल्याच आठवड्यात गेले होते.

पण राग त्याचा नाही. पर्सनल लोनला ताईचे यजमान जामीन होते. कंपनीने हे विचारलंच नाही, आणि मीही इतका हलका झालो होतो की सांगितलं नाही. हप्ता थांबला आणि चौथ्या महिन्यात नोटीस भाऊजींच्या पत्त्यावर. ताईने फोन केला नाही. नोटिशीचा फोटो पाठवला, खाली एक अक्षर नाही. ते कर्ज मी त्याच दिवशी कंपनीकडून काढून घेतलं. बाकीच्यांसाठी मात्र आणखी सहा-सात महिने थांबलो, कारण पैसे अडकले होते. अडकलेल्या पैशांपायी माणूस आणखी पैसे अडकवतो.

सल्ला केंद्रात मी पिशवीभर न उघडलेली पाकिटं घेऊन गेलो. बाईंनी ती एकेक करून पट्टीने उघडली, मला उघडायला लावली नाहीत. सगळी उघडून झाल्यावर पहिला प्रश्न: “यात तुमच्याशिवाय अजून कोण अडकलंय?” दुसरा: “यातलं काय हातचं गेलं तर तुम्ही उद्या कामावर जाऊ शकणार नाही?” या दोन उत्तरांवर अर्धी रांग लागली. भाऊजींचं कर्ज आणि दुचाकी वर, कार्डं आणि अ‍ॅप खाली. जो सगळ्यात जास्त ओरडतो तो सगळ्यात महत्त्वाचा, असं मी दोन वर्षं समजत आलो होतो.

मग भाडं, औषधं, जेवणखाण, प्रवास हे आधी काढून ठेवलं. उरलं पगाराच्या २७ टक्के. त्यांचा ठोकताळा साधा: शिल्लकेतून विनातारण कर्जं पाच वर्षांच्या आत फिटत असतील तर ठरवून हप्त्यांनी फेडा, निम्मीही फिटत नसतील तर वर्षं घालवू नका, वकिलाला गाठून दिवाळखोरीच्या अर्जाचं विचारा. हा शब्द त्यांनी भाजीचं नाव घ्यावं तसा उच्चारला. माझं उत्तर ५१ महिने आलं.

सगळ्यांचं मिळून एकच कर्ज घेऊ का, असं मी आशेने विचारलं. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला. १८ टक्क्यांनी दोन वर्षांत फिटणाऱ्या शंभराचे एकूण १२० भरावे लागतात. तेच १४ टक्क्यांनी पाच वर्षांवर नेले तर १४०. दर कमी, हप्ता निम्म्याहून कमी, आणि भरायचे वीस जास्त. कार्डांसाठी मात्र ते योग्य ठरलं असतं, कारण तिथला दर वर्षाला ३६ होता. फक्त आता मला ते कर्ज कोणी देईना. रिपोर्ट बिघडला होता. कंपनीआधी इथे आलो असतो तर कदाचित मिळालं असतं, असं बाई म्हणाल्या, आणि लगेच पुढच्या कागदाकडे वळल्या.

आता केंद्राचा एक गुण का कापला ते. भेट मिळायला तीन आठवडे लागले, आणि कर्जात बुडालेल्या माणसाचे तीन आठवडे फार लांब असतात. एकच माहिती तीन फॉर्मांवर लिहायची. एका फॉर्मवर ‘थकबाकि’ छापलंय. मी पेन्सिलीने दुरुस्त केलं, कोणाच्या लक्षात आलं नसावं. शिवाय ते तुमच्या वतीने फोन करत नाहीत. काय बोलायचं ते लिहून देतात, बोलायचं तुम्हीच. माझ्या चिठ्ठीवर होतं: ‘मला फेडायचं आहे, दरमहा एवढे देऊ शकतो, व्याज थांबवाल का, आणि ते लेखी द्याल का?’ दुसऱ्या कार्डाच्या बँकेने कार्ड बंद करून व्याज थांबवलं आणि ४८ हप्ते पाडून दिले. अ‍ॅपवाल्याने फोनच आपटला.

त्याचं कर्ज सगळ्यात लहान. बाईंच्या मते वरचा पैसा जास्त दराच्या कर्जावर आधी जायला हवा, आणि गणिताने त्या बरोबर आहेत. मी अ‍ॅपचं आधी फेडलं, कारण ते माझ्या ऑफिसात फोन करायचे. त्यांनी मान हलवली, पण फॉर्मवर तसंच लिहिलं.

भाऊजींच्या जामिनाचे अजून १९ हप्ते बाकी आहेत. प्रत्येक हप्त्याची पावती मी ताईला पाठवतो, खाली काही न लिहिता. गेल्या महिन्यात पहिल्यांदा तिचं उत्तर आलं: ‘पोचली.’