पॅनडॉकची परीक्षा: तारे, याद्या आणि देवनागरी आकडे

कन्व्हर्टर तपासायचा असला की मी त्याला नीटनेटका लेख देत नाही. नीटनेटका लेख कुणीही बदलून देतं. माझ्याकडे एक मुद्दाम खोडसाळपणे लिहिलेली फाइल आहे. ठळक शब्दाला चिकटलेला प्रत्यय, परिच्छेदाला खेटून सुरू होणारी यादी, सालाने सुरू होणारं वाक्य, यादीच्या पोटात कोड, कोडच्या पोटात तारे, आणि क्रमांक म्हणून देवनागरी आकडे. मार्कडाउन म्हणजे साध्या मजकुरातच तारे, डॅश, हॅश अशी चिन्हं घालून ठळक अक्षरं, याद्या, मथळे दाखवायची पद्धत. संपादनाच्या कामात लेखकमंडळी मार्कडाउनच्या नावाखाली जे जे पाठवतात, ते त्या फाइलमध्ये साठत गेलंय. हीच फाइल मी पॅनडॉकच्या, म्हणजे मार्कडाउनमधून वर्ड, वेबपान वगैरे बनवून देणाऱ्या कन्व्हर्टरच्या पुढ्यात ठेवली. माझं मत आधीच सांगते: हे साधन बहुतेक वेळा बरोबर असतं, पण आपण कुठलं मार्कडाउन लिहिलंय हे त्याला आपण सांगायला हवं. ते न सांगता ‘कन्व्हर्टर बिघडलाय’ म्हणणारे बरेच भेटतात.

‘कुठलं मार्कडाउन’ हा प्रश्न का पडतो, तर जॉन ग्रुबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं तेव्हा त्याचे नियम बरेच सैल होते. मग ज्याने त्याने आपापला अर्थ लावला. २०१४ मध्ये कॉमनमार्क नावाचं काटेकोर विवरण आलं, आणि ते लिहिणाऱ्यांत पॅनडॉकचे कर्ते जॉन मॅकफार्लेनही होते. हे गृहस्थ बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. पॅनडॉक त्यांनी २००६ मध्ये हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत लिहून खुलं केलं, आणि ते आजही मोफत आहे. गंमत अशी की पॅनडॉकला न सांगता फाइल दिली तर ते कॉमनमार्क धरत नाही, स्वतःची बोली धरतं. कॉमनमार्क किंवा गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाची कॉमनमार्कवर आधारलेली बोली हवी असेल तर इनपुटचा प्रकार म्हणून तसं स्पष्ट लिहावं लागतं.

पहिली परीक्षा ठळक अक्षरांची. शब्दाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे आणि लगेच ‘ला’, ‘चा’, ‘मध्ये’ असा प्रत्यय. मराठीत हे वाक्यागणिक येतं, त्यामुळे इथे जो कन्व्हर्टर अडखळला तो माझ्या कामाचा नाही. साध्या शब्दावर पॅनडॉक स्वतःच्या आणि गिटहबच्या, दोन्ही बोलींत पास झालं. आता त्या शब्दाला अवतरणचिन्हं लावली, ताऱ्यांच्या आत: तारे, अवतरण, शब्द, अवतरण, तारे, आणि चिकटून ‘मध्ये’. पॅनडॉकच्या बोलीत शब्द ठळक झाला. गिटहबच्या बोलीत मात्र चारही तारे जसेच्या तसे पानावर उमटले.

हा दोष पॅनडॉकचा नाही. कॉमनमार्कचा नियमच असा आहे की बंद करणाऱ्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह असेल, तर नंतर जागा किंवा दुसरं विरामचिन्ह हवं. अक्षर आलं तर तो तारा बंद करणारा मानायचाच नाही. शब्दांमध्ये जागा न सोडणाऱ्या चिनी-जपानी मजकुरात हीच तक्रार आहे, आणि प्रत्यय चिकटवून लिहिणाऱ्या आपल्यालाही ती चुकत नाही. उपाय सोपा: अवतरणचिन्हं ताऱ्यांच्या बाहेर काढा.

तिरक्या अक्षरांसाठी अंडरस्कोर वापरणाऱ्यांना तर माझा सरळ सल्ला आहे, मराठीत वापरूच नका. अंडरस्कोरच्या पाठोपाठ अक्षर आलं की कॉमनमार्कमध्येही आणि पॅनडॉकच्या बोलीतही तो बंद होत नाही. फाइलींच्या नावांतले अंडरस्कोर सुरक्षित राहावेत म्हणून केलेली ही सोय. त्यामागचा हेतू मला मान्य आहे, पण ‘शब्दाला’ मधला ‘ला’ त्यात बळी जातो.

आता याद्या. सगळ्यात जास्त रडगाणी याच ठिकाणी ऐकू येतात. ‘पुढील गोष्टी लागतील:’ असं वाक्य, आणि मध्ये एकही ओळ न सोडता खाली डॅश, डॅश, डॅश. गिटहबच्या बोलीत ही यादी होते. पॅनडॉकच्या बोलीत सगळं एकाच परिच्छेदात लागोपाठ येतं, डॅशसकट. हल्ली चॅटबॉटकडून आणलेला मजकूर बऱ्याचदा याच रूपात येतो, त्यामुळे ही तक्रार वाढली आहे. पॅनडॉकचं म्हणणं असं की ओळ आपोआप मोडताना एखादा डॅश किंवा मथळ्याची खूण असलेला हॅश चुकून ओळीच्या सुरुवातीला येऊ शकतो, तेवढ्यावरून यादी किंवा मथळा कसा मानायचा? मथळ्यालाही आधी रिकामी ओळ हवी, हा नियम त्याच विचारातला. मला हा कडकपणा आवडतो. ज्यांना आवडत नाही त्यांनी इनपुटची बोली बदलावी, किंवा रिकाम्या ओळीशिवाय यादी मानणारं एक्स्टेन्शन, म्हणजे जादा नियम, बोलीच्या नावापुढे अधिकचं चिन्ह लावून चालू करावं. कन्व्हर्टर बदलायची गरज नाही.

देवनागरी आकडे हा वेगळाच विषय. ‘१.’, ‘२.’, ‘३.’ असे क्रमांक घालून लिहिलेली यादी कुठल्याच बोलीत यादी ठरत नाही. क्रमांक म्हणून फक्त इंग्रजी आकडेच ओळखले जातात, आणि कॉमनमार्कच्या विवरणात तसं लिहिलेलंच आहे. परिणामी तीन ओळी एकमेकींना जोडून एक परिच्छेद होतात, आणि वाचणाऱ्याला वाटतं टाइप करणाऱ्याने एंटर दाबलाच नाही. ‘क.’, ‘ख.’ यांचंही तेच. मी मूळ फाइलमध्ये इंग्रजी आकडेच ठेवते आणि वेबपानावर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांत, यादीची शैली ‘देवनागरी’ करते, मग ब्राउझरच मराठी आकडे दाखवतो. वर्डमध्ये ते काम क्रमांकनाच्या शैलीत करायचं.

याच आकड्यांची उलट बाजूही आहे. इंग्रजी आकड्यांत साल लिहून पुढे पूर्णविराम दिला आणि परिच्छेदाची सुरुवात त्यानेच केली, तर साल यादीचा क्रमांक होऊन बसतं. देवनागरीत लिहिलेलं साल या अपघातातून आपसूक वाचतं. इंग्रजी आद्याक्षरांबद्दल मात्र पॅनडॉकने चांगलाच विचार केलाय. कॅपिटल अक्षर, पूर्णविराम आणि एकच जागा असेल तर ते त्याला यादी मानत नाही, दोन जागा लागतात. का, तर माणसाच्या नावाने सुरू होणारा परिच्छेद यादी होऊ नये. मॅन्युअलमध्ये उदाहरण तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेल यांचं दिलंय. तत्त्वज्ञानाच्या मास्तरांकडून दुसरं काय येणार!

यादीतल्या यादीसाठी किती जागा सोडायची यावर जुन्या आणि नव्या आवृत्त्यांत फरक आहे. पूर्वी चार जागांचा नियम होता. आता वरच्या ओळीतला मजकूर जिथून सुरू होतो त्याच्या रेषेत आतली यादी आली की पुरतं. कोडचे ठोकळे, तळटीपा, वर्ग आणि घात यांवर मी वेळ घालवणार नाही, ते चोख आहेत. कोडमधल्या ताऱ्यांना धक्का लागला नाही. पॅनडॉकच्या बोलीत गणित डॉलरच्या दोन चिन्हांमध्ये लिहितात, पण पैशांच्या रकमांसाठी ते चिन्ह दोनदा आलं तरी मधला मजकूर गणित समजून गिळला गेला नाही. एक सावधगिरी: साध्या मजकुरात लागोपाठ दोन डॅश लिहिले तर पॅनडॉकची बोली त्यांची एक लांब रेघ करते. संगणकाच्या आज्ञांमधले दोन डॅशने सुरू होणारे पर्याय लिहिताना ते बॅकटिकमध्ये, म्हणजे कोडची खूण असलेल्या उलट्या अवतरणचिन्हांत घाला, नाहीतर वाचणारा ती रेघ कॉपी करेल आणि आज्ञा चालणार नाही.

या सगळ्या तपासणीत मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे ‘नेटिव्ह’ नावाचा आउटपुट. पॅनडॉक थेट एका प्रकारातून दुसऱ्यात उडी मारत नाही. आधी मजकूर वाचून मध्ये एक झाडासारखी रचना बांधतं, हा परिच्छेद, हा ठळक भाग, ही यादी, आणि मग त्या रचनेतून वर्ड किंवा एचटीएमएल लिहितं. नेटिव्ह मागितलं की ती मधली रचना समोर येते. यादी बिघडली असेल तर ती वाचतानाच बिघडली की लिहिताना, हे लगेच कळतं. एरवी लोक वर्डमधल्या फाइलीकडे बघून अंदाज बांधत बसतात. काही ऑनलाइन कन्व्हर्टर मथळ्याला फक्त मोठी आणि ठळक अक्षरं देतात, दिसायला सगळं बरोबर, पण अनुक्रमणिका करायला गेलात की एकही मथळा सापडत नाही. पॅनडॉकमधून मथळा खऱ्या ‘हेडिंग’ शैलीतच उतरतो.

तक्त्यांत उभ्या दांड्यांचा प्रकार वापरा. जागा मोजून रेघा जुळवायचे प्रकार देवनागरीत डोळ्यांना त्रास देतात, कारण मात्रा आणि जोडाक्षरांमुळे एडिटरमध्ये खांब सरळ दिसतच नाहीत. दांड्यांच्या तक्त्याला जुळवाजुळव लागत नाही. त्यात एक छुपी खोच आहे: मूळ फाइलमध्ये तक्त्याची एखादी ओळ ठरलेल्या रुंदीपेक्षा लांब झाली, आणि ती रुंदी न सांगितल्यास ७२ अक्षरांची असते, तर तक्ता पानभर पसरतो आणि स्तंभांचं प्रमाण मथळ्याखालच्या डॅशच्या संख्येवरून ठरतं. पहिला स्तंभ उगाच रुंद का झाला याचं उत्तर बहुधा तिथे असतं. एकत्र केलेले कप्पे या प्रकारात बसत नाहीत.

वेबपान बनवताना ‘स्टँडअलोन’ हा पर्याय विसरू नका. तो नसला तर पॅनडॉक फक्त तुकडा देतं, त्यात युनिकोडची घोषणा नसते, आणि ब्राउझरने भलतंच धरलं की मराठीच्या जागी चिन्हांची रांगोळी दिसते. मजकूर आत शाबूत असतो.

पीडीएफ हा कमकुवत भाग, निदान पहिल्या भेटीत. पॅनडॉक स्वतः पीडीएफ बनवत नाही, ते काम लाटेकसारख्या अक्षरजुळणीच्या वेगळ्या साधनाकडून करून घेतं, आणि न सांगता निवडलेलं पीडीएफलाटेक देवनागरी अक्षर पाहताच चूक दाखवून थांबतं. झीलाटेक इंजिन निवडून ‘मेनफॉन्ट’ म्हणून देवनागरी असलेला फॉन्ट द्यावा लागतो, नोटो सेरिफ देवनागरी चालतो. सोबत ‘मेनफॉन्टऑप्शन्स’मध्ये ‘Script=Devanagari’ दिलं की जोडाक्षरं उत्तम उतरतात. पण कोडच्या ठोकळ्यात मराठी टिप्पणी असेल तर ती गायब होते, कारण तिथला फॉन्ट वेगळा असतो. अक्षर सापडलं नाही अशी सूचना पडद्यावर येते, ती वाचायची सवय ठेवा आणि ‘मोनोफॉन्ट’ही द्या.

वर्डसाठी नमुना फाइल द्यायची सोय आहे. तिच्यातल्या शैली बदलल्या की प्रत्येक दस्तऐवज त्याच पेहरावात येतो. वर्ड देवनागरीचा फॉन्ट आणि आकार ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ म्हणून वेगळा जपतं, म्हणून नमुन्यात तोही ठरवा, नाहीतर इंग्रजी शब्द तुमच्या फॉन्टमध्ये आणि मराठी भलत्याच.

उलटा प्रवास, म्हणजे वर्डमधून मार्कडाउन, मला अपेक्षेपेक्षा बरा वाटला. पण पॅनडॉक रचना सांभाळतं, दिसणं नाही, आणि मॅन्युअलही हे लपवत नाही. मधोमध आणलेल्या ओळी, समास, अक्षरांचे रंग गळतात. परत आलेल्या फाइलमध्ये ओळी ७२ अक्षरांवर मोडलेल्या असतात, ओळी मोडणारा ‘रॅप’ हा पर्याय बंद केला नाही तर जुन्या-नव्याची तुलना करणं अशक्य. रंगांचं गळणं जास्त महागात पडतं. कुणी आपल्या शंका मजकुरातच लाल अक्षरांत लिहिल्या असतील, तर रंग जातो आणि शंका परिच्छेदाचा भाग होऊन छपाईपर्यंत पोहोचू शकतात. ‘ट्रॅक चेंजेस’ची नोंद आणि कडेचे शेरे मात्र ‘ऑल’ हा पर्याय दिला तर मार्कडाउनमध्ये खुणांसकट येतात. पर्याय दिला नाही तर बदल मुकाट्याने स्वीकारले जातात आणि शेरे वगळले जातात. म्हणून वर्ड फाइल तपासायला पाठवताना मी सोबत एक ओळ लिहिते: रंगवू नका, शेरा घाला.