ओसरीचा कुजलेला खांब: बूड बदलायचं की आख्खा खांब?

सोलापुरात कसब्यात, बाळीवेशीत जी जुनी माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, घरं उरली आहेत, त्यांच्या ओसरीचे सागवानी खांब बहुतेक बुडाशीच कुजतात. वरचं लाकूड टणक असतं. म्हणून सुतार 'नवीनच बसवू' म्हणाला की लगेच होकार देऊ नका. आधी दाभण घ्या आणि जमिनीपासून वर टोचत जा. दाभण रुतायचं थांबेल, हातोडीचा बद्द आवाज जाऊन टणक आवाज येईल, तिथे खडूने खूण करा.

खूण गुडघ्याखाली असेल तर मी दुरुस्तीच करेन. वीतभरच कुजलं असेल तर तेवढं कापून खाली उंच दगडी तळखडा (खांब ज्यावर उभा राहतो तो दगड) बसवावा, दगडाला वाळवी लागत नाही. त्याहून वर गेलं असेल तर जुन्या सागाचा तुकडा जोडायचा. मात्र आडवा कापून नुसता खाली सरकवलेला तुकडा चालत नाही. दोन्ही लाकडं अर्धीअर्धी तासून एकमेकांत बसवायची आणि आरपार बोल्ट मारायचे. सांधा खांबाच्या जाडीच्या तिप्पट तरी हवा, म्हणजे सहा इंची खांबाला दीड फूट.

कुज कमरेपर्यंत चढली असेल किंवा छताच्या आडव्या तुळईखालचं टोक भुसभुशीत झालं असेल तर खांब बदला. 6 बाय 6 इंची, 8 फुटी खांबाला 2 घनफूट साग लागतो. ताजं लाकूड आपल्या उन्हाळ्यात आकसतं, चिरतं. पाडलेल्या वाड्याचं जुनं लाकूड, वाळवी नाही ना हे बघून, घेतलेलं बरं. सिमेंटचा खांब स्वस्त वाटतो, पण काळ्या मातीत त्याचा उथळ पाया पावसाळ्यात माती फुगून वर येतो, उन्हाळ्यात बसतो, आणि तुळई एका बाजूने उचलली जाते. लोखंडी खांब चालेल, फक्त त्याचं बूडही ओलीत राहिलं तर गंजणारच.

दुरुस्ती असो की बदल, खरी जोखीम टेकूची आहे. 10 बाय 10 फुटांच्या माळवदावर फूटभर माती म्हणजे एक ब्रास (100 घनफूट), साधारण चार टन. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली जाड फळीवर टेकू आणि जॅक लावल्याशिवाय करवत चालवू देऊ नका. टेकूचे पैसे वाचवणारा कारागीर मला नको.

आणि खांब कुजला का, ते शोधाच. बऱ्याच घरांत फरशी उंच करताना तळखडा सिमेंटमध्ये गाडला गेलेला असतो. ओसरी धुतली की पाणी तिथेच मुरतं आणि लाकूड ते खालून शोषतं. ती फरशी खांबाभोवती फोडून दगड मोकळा करा, लाकूड आणि दगडामध्ये शिशाचा पत्रा घाला. टोक वरून कुजलं असेल तर आधी माळवदाची गळती काढा, नाहीतर नवा खांबही त्याच वाटेने जाईल. काम मृगाच्या आत उरका. भिजलेलं माळवद कोरड्यापेक्षा कितीतरी जड असतं.