केप पॉइंट की अगुल्हास? दोन दीपगृहं आणि एकच मोकळा दिवस

केपटाऊनच्या सहलीत टेबल माउंटन, पेंग्विन आणि केप पॉइंट हे जवळजवळ ठरलेलंच असतं. मग घरातलं कुणीतरी नकाशा उघडतं आणि विचारतं, "आफ्रिकेचं दक्षिण टोक तर हे इकडे अगुल्हासला आहे! मग आपण केप पॉइंटला कशाला चाललोय?" प्रश्न रास्त आहे. दोन्हीकडे जुनं दीपगृह आहे, दोन्ही राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि दोन्हीकडे समुद्राच्या कडेने चालायला वाटा आहेत. पण एकाच्या बदल्यात दुसरं पाहिलं तर चालेल, असं मात्र नाही.

आधी भूगोलाचा घोळ मिटवू. आफ्रिकेचं सर्वात दक्षिणेकडचं टोक म्हणजे केप अगुल्हास. अटलांटिक आणि हिंदी महासागराची अधिकृत हद्दही तिथूनच जाते. केप पॉइंटजवळच्या 'केप ऑफ गुड होप'च्या पाटीवर लिहिलंय ते सर्वात नैर्ऋत्येकडचं टोक, आणि ते बरोबरच आहे. तरी त्या पाटीमागे फोटोसाठी रांग लावलेले बरेच जण आपण दक्षिण टोकावर उभे आहोत असंच समजत असतात. दोन रंगांचं पाणी एकमेकांना भिडताना दिसेल, ही आशा मात्र दोन्हीकडे सोडून द्या. गरम आणि थंड प्रवाह कुठे मिसळतात ते ऋतूप्रमाणे पुढेमागे होत असतं. समुद्रात रेघ काही मारलेली नाही.

केप पॉइंट केपटाऊनपासून साधारण ६०-७० किलोमीटरवर, टेबल माउंटन राष्ट्रीय उद्यानाच्या दक्षिण शेंड्याला आहे. वाटेत सायमन्स टाऊनचे पेंग्विन होतात, परतताना चॅपमन्स पीकचा कड्यातून कोरलेला रस्ता होतो, आणि दिवस भरगच्च जातो. इथलं जुनं दीपगृह १८६० मध्ये पेटलं, तेही समुद्रसपाटीपासून सुमारे २३८ मीटर उंचीवर. दिवा जितका उंच तितका लांबून दिसणार, हा हिशोब. पण एवढ्या उंचीवर ढग आणि धुकं वरचेवर उतरतं, आणि नेमकी गरज असते तेव्हाच दिवा गडप. १९११ च्या एप्रिलमध्ये 'लुसितानिया' नावाचं पोर्तुगीज जहाज इथल्या बेलोज रॉकवर आपटलं. (पहिल्या महायुद्धात पाणबुडीने बुडवलं ते लुसितानिया वेगळं.) त्यानंतर शहाणपण आलं आणि टोकाच्या पुढच्या भागात, अवघ्या ८७ मीटरवर नवं दीपगृह बांधलं गेलं. ते १९१९ मध्ये सुरू झालं आणि आजही काम करतंय.

म्हणजे लोक धापा टाकत ज्याच्यापर्यंत चढतात, ते चुकीच्या जागी बांधलेलं दीपगृह आहे! मला तरी या जागेची सगळ्यात मोठी गंमत हीच वाटते. फक्त त्या दीपगृहाच्या आत चढून दिवा पाहू, ही अपेक्षा ठेवू नका. तुम्ही त्याच्या पायथ्याच्या कठड्याशी उभे राहता आणि खाली फेसाळणारा समुद्र पाहता. वर जायला 'फ्लाइंग डचमन' नावाची फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर रुळांवरून चालणारी छोटी गाडी आहे, त्यामुळे आई-बाबांचे गुडघे बरेच वाचतात. शेवटच्या पायऱ्या मात्र चढाव्याच लागतात.

चालण्याच्या बाबतीत केप पॉइंटला तोड नाही. वेळ कमी असेल तर गाडीतळाजवळून निघून कड्याच्या माथ्यावरून केप ऑफ गुड होपकडे जाणारी वाट धरा. जाऊन-येऊन दीड-दोन तास पुरतात. मध्ये डायस बीचवर उतरणाऱ्या लाकडी पायऱ्या लागतात. उतरताना मजा वाटते, चढताना हिशोब कळतो. नवं दीपगृह वरून पाहायचं असेल तर जुन्या दीपगृहाच्या खालून टोकाकडे जाणारी अरुंद वाट आहे. उंचीची भीती असलेल्यांनी ती टाळलेली बरी. गर्दी अजिबात नको असेल तर पश्चिम किनाऱ्यावर ओलिफांट्सबोसकडे वळा. १९४२ मध्ये फुटलेल्या 'थॉमस टी. टकर' या मालवाहू जहाजाचे गंजलेले तुकडे तिथे वाळूत पडलेत. बाजूच्या फिन्बोसच्या झुडपांत शहामृग किंवा बाँटेबॉक हरणं दिसू शकतात.

बबून माकडांबद्दल मात्र थट्टा नाही. हातात खाऊची पिशवी दिसली की ती गेलीच समजा, आणि उघड्या काचेतून ती गाडीतही शिरतात. उद्यानाचं गेट संध्याकाळी बंद होतं, हिवाळ्यात आणखी लवकर. परदेशी पाहुण्यांना प्रवेश शुल्क स्थानिकांपेक्षा बरंच जास्त असतं, तेव्हा दुपारी तीनला पोचून अर्ध्या तासात परतण्यात पैसे वाया जातात.

अगुल्हासचं सगळं उलट आहे. जमीन सपाट, कडे नाहीत, गर्दी नाही. १८४९ मध्ये पेटलेलं हे दीपगृह लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, ठेंगणं आणि भारदस्त आहे. सुरुवातीला दिव्याला मेंढ्यांच्या शेपटाची चरबी जाळत. १९६८ मध्ये ते बंद पडलं होतं, पण डागडुजी होऊन १९८८ मध्ये पुन्हा सुरू झालं. इथे आत दीपगृहांचं संग्रहालय आहे, आणि एकाहत्तर पायऱ्या व शिड्या चढून थेट वर जाता येतं. दुरुस्तीसाठी वर जाणं बंद नाही ना, एवढं निघण्याआधी विचारून घ्या. दीपगृह म्हणजे काय हे आतून पाहायचं असेल, मुलांना दाखवायचं असेल, तर अगुल्हासला पर्याय नाही.

दीपगृहापासून दक्षिण टोकाच्या दगडी खुणेपर्यंत किनाऱ्याने जेमतेम एक किलोमीटर चाल आहे. त्यापुढे रास्परपुंट वाट, साधारण साडेपाच किलोमीटरची, १९८२ मध्ये फुटलेल्या 'मेइशो मारू ३८' या जपानी जहाजाच्या सांगाड्याजवळून जाते. चढ नाही, पण सावलीही नाही आणि वारा कान फोडतो. देखावा म्हणाल तर केप पॉइंटसमोर तो फिकाच वाटेल. काळे, धारदार खडक आणि क्षितिज, एवढंच. 'अगुल्हास' म्हणजे पोर्तुगीज भाषेत सुया. पंधराशेच्या सुमारास इथे होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेशी जुळायची, म्हणून हे नाव, असं सांगतात.

अडचण आहे ती अंतराची. केपटाऊनहून सव्वादोनशेच्या आसपास किलोमीटर, म्हणजे एका बाजूला तीन तास. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची असल्याने चालवायला त्रास नाही, पण एका दिवसात जाऊन-येऊन सहा तास गाडीतच जातात आणि हाती येतो तो पाटीसोबतचा फोटो.

म्हणून मोकळा दिवस एकच असेल तर केप पॉइंट, आणि तोही सकाळी गेट उघडताच, बसगाड्या यायच्या आत. उन्हाळ्यात म्हणजे डिसेंबर-जानेवारीत आग्नेयेचा वारा उभं राहू देत नाही, तेव्हा टोपीला दोरी हवीच. टेबल माउंटनवर ढगांची चादर पसरलेली असेल तर त्या दिवशी केप पॉइंटलाही वारा असणार हे धरून चाला.

अगुल्हासला तेव्हाच जा, जेव्हा एक रात्र तिथे काढता येईल. जून ते नोव्हेंबर असेल तर जाता-येता हर्मानसला थांबून किनाऱ्यावरूनच देवमासे पाहता येतात, आणि मग तो लांबचा रस्ता अंगावर येत नाही. संध्याकाळी दिवसभराचे पाहुणे परतले की खडकांवर फारसं कुणी उरत नाही. अंधार पडला की दीपगृहाचा झोत दर पाच सेकंदांनी डोक्यावरून फिरत राहतो. केप पॉइंटला ही वेळ तुमच्या वाट्याला येतच नाही, कारण तोवर गेट बंद झालेलं असतं.