लक्झरी एसयूव्हीची मागची काच बदलली: एक पूर्ण पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

डिसेंबर २०२४ मध्ये माझ्या गाडीची मागची काच फुटली. जानेवारीत नवी बसवली, जूनमध्ये तीच काच काढून पुन्हा बसवावी लागली, आणि आता नोव्हेंबर संपत आलाय. इतके दिवस थांबून लिहितेय, कारण नवी काच पहिल्या आठवड्यात छानच दिसते. मलाही दिसली होती. ती नीट बसली आहे की नाही, हे पावसानं सांगितलं.

गाडी जर्मन, डिझेल, २०१९ ची. चालवते मीच. महिन्यातून दोनदा कोल्हापूरहून आजरा, आंबोली घाट उतरून सावंतवाडी, कारण आई तिकडे एकटी असते. गाडीच्या कंपनीचं आणि दुकानांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे झालं ते कुठल्याही महागड्या एसयूव्हीच्या बाबतीत होऊ शकतं.

काच फुटली ती अगदी साध्या कारणानं. शेजारच्या प्लॉटवर गवत कापायचं पेट्रोल मशीन चालू होतं, त्याच्या पात्यानं एक खडा उडवला. खडा हरभऱ्याएवढा असेल. मी पळत गेले तेव्हा काच जागेवरच होती, पण सगळी पांढरी झालेली, आणि तिच्यातून चर्र चर्र असा बारीक आवाज येत होता. दोन-तीन मिनिटं तो आवाज चालू होता. मग मी डिकीला नुसता हात लावला आणि सगळी काच आत कोसळली. सीटवर, गालिच्यावर, स्टेपनीच्या खळग्यात, पट्ट्यांच्या बकलमध्ये, सगळीकडे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे. एकानंही हात कापला नाही. व्हॅक्यूमनं तीनदा काढूनही जुलैत मागची सीट पाडली तेव्हा रेलमध्ये चार तुकडे निघाले.

पुढची काच फुटली की तडा जातो, मागची काच फुटली की भुगा होतो, ते यामुळे. पुढची काच म्हणजे दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. मागची बहुतेक गाड्यांत एकेरी, टफन केलेली. भट्टीत सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर एकदम गार हवेचे झोत सोडतात, त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली आणि पोट ताणाखाली राहतं. कुठेही एक जागा भेदली की सगळा ताण एका क्षणात सुटतो. म्हणून मागच्या काचेला रिपेअर नाही. कोणी ‘भरून देतो’ म्हणालं तर ते पुढच्या काचेबद्दल बोलतायत असं समजा.

आता पैशांचं. अधिकृत वर्कशॉपनं ७१ हजार सांगितले, काच मागवायला तीन आठवडे. कोल्हापुरातल्या काचवाल्यानं बाजारातली काच बसवून २६ हजार सांगितले. इन्शुरन्समध्ये काचेवर घसारा, म्हणजे वापरामुळे घटलेली किंमत, कापत नाहीत, तो रबर-प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के कापतात, आणि १५०० सीसीच्या वरच्या गाडीला सक्तीची वजावट २,००० रुपये. म्हणजे क्लेम केला असता तर वर्कशॉपचं जवळजवळ सगळं बिल निघालं असतं. पण माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, ३५ टक्क्यांवर होता, मार्चमध्ये ४५ होणार होता. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५ असा चढतो. बोनसआधीचा ओन डॅमेज प्रीमियम (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसाठीचा) साधारण ४० हजार धरून मी पुढच्या तीन वर्षांचा हिशोब कागदावर मांडला. ३८ हजारांच्या आसपास सूट हातची जात होती. म्हणून खिशातून २६ हजार दिले. बोनस संरक्षणाची जोड पॉलिसीत असती तर सरळ क्लेम केला असता. तुमच्या पॉलिसीत ती आहे का, हे काच शाबूत असतानाच बघून ठेवा.

मध्ये एकानं फोनवर तिसरा पर्यायही दिला. अपघातात गेलेल्या, परदेशातून आलेल्या गाडीची काच, १५ हजारात, गडद काळी. दिसायला झकास. पण मोटार वाहन नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, बाजूच्या काचांतून ५० टक्के. ही काच रंगवलेली नव्हती, काचेच्या अंगातच काळेपणा होता, म्हणजे २०१२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर लोकांनी फिल्म जशी खरवडून काढली तसं काही करता येण्यासारखं नव्हतं. आणि घाटात धुकं असताना रात्री मागचं दिसायला हवं असतं, हे मला दंडापेक्षा मोठं कारण वाटलं. नको म्हटलं.

घेतलेल्या काचेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच लिहिते. कोपऱ्यातला शिक्का मी स्वतः वाचला: आयएसआयची खूण, आयएस २५५३ भाग २ हे गाड्यांच्या सुरक्षा काचेचं भारतीय मानक, आणि गोलातलं ई, म्हणजे युरोपातल्या मान्यतेची खूण. त्याखाली आकडा आणि ठिपके असतात, त्यावरून काच कुठल्या वर्षा-महिन्यातली ते कळतं. बाजूच्या काचांना हिरवट झाक आहे, हिला किंचित निळसर. उन्हात, तिरकं उभं राहिलं तरच जाणवतं. पोलराइज्ड गॉगलमधून तिच्यावर ओळीनं गडद ठिपके दिसतात. मी घाबरले होते, पण ती टफन करताना पडलेल्या हवेच्या झोतांची नक्षी असते, जुन्या काचेवरही असणारच. दोष तो नव्हे.

दोष बसवण्यात होता. आणि तो माझ्या डोळ्यांसमोर झाला, मला कळला नाही.

पहिल्या कारागिरानं डिकीच्या चौकटीवरचा जुना पीयू, म्हणजे काच चिकटवायचा पॉलियुरेथेनचा डिंक, पात्यानं अगदी पत्र्यापर्यंत खरवडला. मला वाटलं, किती मन लावून साफ करतोय. पत्र्यावर पडलेल्या ओरखड्यांवर प्राइमर लावलं नाही. नव्या काचेच्या काळ्या काठावरून हाताच्या बोटांनीच धूळ पुसली, ट्यूबमधून पीयू फिरवला आणि काच दाबली. पाऊण तासात काम झालं. ‘मॅडम, तासाभरात घेऊन जा.’ मी घेऊन गेले.

त्याच आठवड्यात आकाशवाणी कोल्हापूर खरखरायला लागलं. कागलच्या पुढे गेलं की फक्त सूं सूं. मी म्हटलं, हवामान असेल. तर माझ्या गाडीच्या एफएमची अँटेना मागच्या काचेतच आहे. डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून वाफ घालवणाऱ्या, रेघांच्या वर ज्या दोन-तीन वेगळ्या, विचित्र वळणांच्या रेघा दिसतात ना, त्या तापत नाहीत, त्या अँटेना असतात. छतावरचा शार्क फिन, माशाच्या पराच्या आकाराचा अँटेना, वेगळ्या कामाला. कारागिरानं त्या रेघांचा सॉकेट जोडलाच नव्हता, ट्रिमच्या, म्हणजे आतल्या प्लास्टिकच्या आवरणाच्या, आत लोंबकळत ठेवला होता.

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. २० मे नंतर सावंतवाडीहून परतताना आंबोलीत धुकं इतकं दाट होतं की समोरच्या गाडीचा लाल दिवा तेवढा दिसत होता. मागचा डिफॉगर लावला, बटणावरचा दिवा पेटला, काच तशीच पांढरी. दहा मिनिटांनी दिवा आपोआप गेला, काच पांढरीच. मागून एसटी आली ती थेट हॉर्नवरून कळली. त्या वेळी हातापायाला सुटलेला कंप अजून आठवतो. आई शेजारी बसली होती. ती काही बोलली नाही, फक्त डॅशबोर्डला धरून बसली.

घरी आल्यावर डिकी उघडली तर ओल्या गोणपाटाचा वास. स्टेपनीच्या खळग्यात तांब्याभर पाणी. माझ्या गाडीची बॅटरी मागे, डिकीच्या तळाशी आहे, आणि तिच्या शेजारी फ्यूजची पेटी. आणखी दोन आठवडे तसंच गेलं असतं तर बिल काचेच्या किमतीच्या कितीतरी पुढे गेलं असतं.

पहिल्या दुकानदाराला दाखवलं. त्यानं बाहेरून काठावर सिलिकॉन फिरवून दिलं. चार दिवसांत पुन्हा पाणी. त्यानंतर त्याच्याकडे गेले नाही.

जूनमध्ये ओळखीच्या एकानं पुण्यातला फक्त काचेचं काम करणारा कारागीर सुचवला. पस्तिशीचा मुलगा, सोबत एक मदतनीस. त्यानं आधी काहीच काढलं नाही. आतून काठाला पावडर भुरभुरली, अंगाला लावायची साधी टाल्कम, आणि मदतनिसाला बाहेरून पाइपनं हळूहळू पाणी सोडायला लावलं, खालून सुरुवात करून वर. वरच्या डाव्या कोपऱ्यात पावडरीत एक बारीक ओघळ उमटला. ‘ताई, हे बघा, इथून.’ इतके दिवस जे कळत नव्हतं ते पाच मिनिटांत दिसलं.

मग स्पॉयलर (काचेच्या वरची प्लास्टिकची पट्टी), त्यातला तिसरा ब्रेक लाइट, वायपरचा हात, आतलं ट्रिम, असं सगळं उतरवलं. जानेवारीत बसवलेली काच न फोडता काढायला त्यानं पीयूमध्ये टोच्यानं भोक पाडून तार ओवली आणि दोघांनी दोन बाजूंनी करवतीसारखी ओढत सगळा काठ कापला. काच सक्शन कपांनी उचलून गादीवर ठेवली. चौकट उघडी पडल्यावर मला बोलावून दाखवलं: जिथे जानेवारीत पत्र्यापर्यंत खरवडलं होतं तिथे गंजाची तांबूस रेघ आली होती, वीतभर लांब. पाच महिन्यांत. जुना पीयू एक-दोन मिलिमीटर तसाच ठेवायचा असतो, नवा त्यालाच सगळ्यात घट्ट धरतो, असं त्यानं सांगितलं. गंज घासून काढला, प्राइमर लावलं, सुकायला वेळ दिला. काचेच्या काळ्या पट्ट्यावर वेगळं प्राइमर, हातमोजे घालून. तो काळा पट्टा शोभेचा नसतो. उन्हातल्या अतिनील किरणांनी पीयू सडू नये म्हणून असतो.

डिफॉगरचं कारण एक टॅब निघाली. काचेच्या उजव्या कडेला जी पितळी पट्टी रेघांना वीज देते, तिचं सोल्डर निखळलं होतं, वायर नुसती टेकलेली. त्यानं आधी ब्लोअरनं तो भाग कोमट केला, मगच सोल्डर केलं. थंड काचेवर एकदम तापलेली सोल्डर गन टेकवली तर रेघांची चांदी उचलून येते. मग मल्टिमीटर घेऊन एकेक रेघ तपासली. चांगल्या रेघेच्या बरोबर मध्यावर बॅटरीच्या साधारण अर्धे व्होल्ट दिसतात. खालून तिसऱ्या रेघेवर आकडा चुकला, भिंगातून पाहिलं तर केसाएवढी चीर. तिथे चांदीच्या रंगाचा एक ठिपका दिला आणि वाळू दिला.

पीयूची नळी उघडण्याआधी त्यानं तारीख मला वाचायला दिली. हे त्यानं न मागता केलं आणि त्या क्षणी माझी काळजी निम्मी झाली. नोझलला इंग्रजी व्हीसारखी खाच कापलेली, त्यामुळे पीयूची धार त्रिकोणी, उभी पडली. काच बसवली की ती दबून पसरते आणि कुठे पोकळी राहत नाही. बाहेर पाऊस चालू होता म्हणून मी विचारलं, सुकेल का? म्हणाला, हे हवेतल्या ओलाव्यानंच पक्कं होतं, फक्त लावताना पृष्ठभाग कोरडा पाहिजे. काचेला टेप लावून गाडी रात्रभर तिथेच ठेवली. सकाळी दोन सूचना: दोन दिवस एक खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, नाहीतर दार आपटलं की आतली हवा काचेला ढकलते, आणि आठवडाभर प्रेशरचं वॉशिंग नको. सगळं मिळून साडेचार तास काम, ७,५०० रुपये. बिलावर कामाची एक वर्षाची हमी लिहून दिली.

त्यानंतर आंबोलीच्या अकरा फेऱ्या झाल्या. त्यात जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचा पाऊसही आला. प्रत्येक वेळी घरी आल्यावर स्टेपनीच्या खळग्यात टिश्यू पेपर ठेवून पाहिला. कोरडा. वास गेला. आकाशवाणी आजऱ्यापर्यंत स्वच्छ लागतं. खडबडीत रस्त्यावर काचेचा आवाज नाही.

नवी काच घ्यायला जाणार असाल तर गाडी ताब्यात घेण्याआधी दोन गोष्टी तिथेच उभं राहून करा. काचेवर आतून तोंडाची वाफ सोडा आणि डिफॉगर लावा. प्रत्येक रेघेभोवतीची वाफ सरकताना डोळ्यांनी दिसते, न सरकणारी रेघ तुटलेली. आणि रेडिओ लावा, कुठलंही लांबचं स्टेशन. जानेवारीत मी या दोन गोष्टी केल्या असत्या तर घाटात आईला घेऊन आंधळी चालवायची वेळ आली नसती. ट्रिम लावायच्या आधी सॉकेटचा एक फोटोही काढून मागा. चांगला कारागीर नाही म्हणत नाही.

दोन गोष्टी राहिल्यात. स्पॉयलर दोनदा काढला-घातल्यानं डाव्या टोकाची एक क्लिप ढिली झालीय, शंभरच्या पुढे तिथे बारीक शिट्टी वाजते. क्लिप मागवली आहे. आणि गंज घासला त्या जागेचं ट्रिम मी डिसेंबरमध्ये स्वतः उघडून बघणार आहे, परत तांबूस दिसलं तर हमी संपायच्या आत पुण्याला नेईन.