हॅलोविनच्या शेकर कार्डांसाठी डिस्ट्रेस ऑक्साइड शाई: एक परीक्षण

शेकर कार्डाच्या पोटात टिकल्या, बारीक मणी आणि कागदाचे चिमुकले आकार सुटे ठेवलेले असतात. वर अ‍ॅसिटेटची, म्हणजे पातळ पारदर्शक प्लॅस्टिकची, खिडकी बसवलेली असते, आणि खिडकी व मागचा कागद यांच्यामधली पोकळी फोमची चौकट सांभाळते. कार्ड हलवले की आतला ऐवज खुळखुळतो आणि लहान मुलांना एवढेही पुरते. हॅलोविनसाठी असे कार्ड प्रथमच करायला घेणारी व्यक्ती सहसा टिकल्या आणि डाय (कागद ठरावीक आकारात कापणारे साचे) यांची खरेदी मन लावून करते, आणि शाईचा प्रश्न मात्र हाताशी असेल त्या पॅडवर भागवते. माझ्या मते क्रम नेमका उलटा असायला हवा. खिडकीच्या मागचा कागद ही त्या कार्डावरची रात्र असते. ती रात्र फिकी, डागाळलेली किंवा दमट राहिली, तर पुढे कितीही सुंदर टिकल्या ओतल्या तरी कार्ड उभे राहत नाही. म्हणूनच या परीक्षणात मी शेकर कार्डाच्या सामानापैकी सर्वांत जास्त शाईबद्दल लिहिणार आहे, आणि तीही प्रामुख्याने एकाच मालिकेबद्दल.

ती मालिका म्हणजे रेंजर कंपनीची, हस्तकला-कलाकार टिम होल्ट्झ यांच्या नावाने निघणारी डिस्ट्रेस ऑक्साइड. रेंजर ही न्यू जर्सीतील टिंटन फॉल्स येथील कंपनी आहे. मूळ डिस्ट्रेस शाई आधी आली, आणि ऑक्साइडची पहिली बारा रंगांची तुकडी २०१७ मध्ये. दोन्हींची नावे आणि रंग सारखे असल्यामुळे दुकानात गोंधळ होतो, परंतु त्यांचा स्वभाव वेगळा आहे. जुनी डिस्ट्रेस ही डाय (विरघळणारा रंग; कापायचा साचा नव्हे) प्रकारची शाई असून ती कागदात मुरते आणि पारदर्शक राहते. एकावर एक थर दिले की ती गडद होत जाते. ऑक्साइडमध्ये डाय आणि पिगमेंट यांचा संयोग केलेला आहे. तिच्यातला रंगकणांचा भाग कागदाच्या पृष्ठभागावर राहतो, त्यामुळे तिचा थर किंचित अपारदर्शक, मखमली आणि खडूसारखा मंद दिसतो. पॅडसुद्धा वेगळे आहे: मूळ डिस्ट्रेसचे पॅड फेल्टचे असते, तर ऑक्साइडचे फोमचे, आणि ते शाई अधिक सढळ हाताने सोडते.

हा मंद, चमकविरहित थर शेकर कार्डासाठी मला अतिशय मोलाचा वाटतो. अ‍ॅसिटेटची खिडकी स्वतः चकाकते, टिकल्या चकाकतात, काचेचे मणी चकाकतात. या सगळ्यांच्या मागे प्रकाश परत न फेकणारी एक तरी गोष्ट असल्याखेरीज डोळ्याला टेकायला जागा मिळत नाही. ऑक्साइडने रंगवलेले आकाश नेमके ते काम करते, आणि त्याच्यासमोर एक साधी चंदेरी टिकलीसुद्धा उठून दिसते.

हॅलोविनच्या रंगांचा साठा या मालिकेत भरपूर आहे. फॉसिलाइज्ड अँबर हा चंद्राच्या प्रभेसाठी योग्य असा पिवळा, कार्व्हड पंपकिन आणि स्पाइस्ड मार्मलेड हे नारिंगी, विल्टेड व्हायोलेट आणि व्हिलेनस पोशन हे जांभळे, ट्विस्टेड सिट्रॉन हा चेटकिणीच्या कढईतल्या रसासाठी शोभणारा पोपटी, आणि कडेला ब्लॅक सूट हा काळा. रंग पसरवताना मधोमध चंद्राच्या जागी गोल कापलेला मास्क (रंग अडवणारा कागदाचा तुकडा) चिकटवावा, सर्वांत फिका रंग त्याच्याभोवती गोलाकार फिरवत लावावा आणि बाहेरच्या बाजूला गडद होत जावे. येथे एक अडचण हमखास येते. नारिंगी आणि जांभळा थेट एकमेकांत मिसळले की मधल्या पट्ट्यात मळकट तपकिरी छटा उमटते, कारण दोहोंचे मिश्रण मुळातच तिकडे झुकते. त्या दोहोंमध्ये पिक्ड रास्पबेरीसारख्या गुलाबीचा एक अरुंद पट्टा दिला तर संधिकाल स्वच्छ राहतो: पिवळा, नारिंगी, गुलाबी, जांभळा आणि शेवटी काळा. ऑक्साइड हळू वाळते, त्यामुळे हे थर एकमेकांत विरघळवायला पुरेसा वेळ मिळतो, आणि नवशिक्या हातालाही ब्रशच्या खुणा न राहता रंग पसरवता येतो. लाकडी मुठीच्या फोमने रंग अधिक बसतो, मऊ केसांच्या गोल ब्रशने तो अधिक तलम पसरतो. मी कडेसाठी फोम आणि मधल्या भागासाठी ब्रश वापरते. काळ्यासाठी ब्रश वेगळाच ठेवावा, तो पुन्हा पिवळ्याला लावायचा नाही.

रंग झाल्यावर कागदावर पाण्याचे थेंब शिंपडले की ऑक्साइडची दुसरी करामत दिसते. पाणी लागलेल्या जागी रंगकण वर येतात आणि फिकट, धुरकट वर्तुळे उमटतात. थेंब काही क्षण राहू देऊन कापडाने टिपले की जांभळ्या आकाशात धुके आणि चांदण्या तयार होतात. याच कारणाने कागदाची निवड महत्त्वाची ठरते. केवळ रंग पसरवायचे असतील तर नीना कंपनीच्या सोलर व्हाइटसारखा गुळगुळीत कार्डस्टॉक (जाड कागद) उत्तम, पण पाणी वापरायचे असेल तर जलरंगाचा कागदच घ्यावा, कारण साधा कागद ओला झाला की वाकतो आणि वाकलेल्या कागदावर फोमची चौकट घट्ट बसत नाही.

आता या शाईची जी मर्यादा शेकर कार्डात खरोखर त्रास देते, तिच्याकडे वळते. हळू वाळण्याचा जो गुण रंग पसरवताना वरदान ठरतो, तोच पोकळी बंद करताना अडथळा होतो. शाई वरून कोरडी वाटली तरी तिच्यात ओलसरपणा शिल्लक असू शकतो, आणि अशा कागदावर टिकल्या ओतून खिडकी बंद केली तर त्या पाठीमागे चिकटून बसतात. कार्ड कितीही हलवले तरी हलत नाहीत. शिवाय वाळल्यानंतरही काही सुटे रंगकण पृष्ठभागावर असतात आणि पांढऱ्या मण्यांना ते जांभळी झाक देऊ शकतात. उपाय अवघड नाही, पण तो टाळता येत नाही: हीट गनने कागद सावकाश वाळवावा, शक्य तर रात्रभर उघडा ठेवावा, मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसून सुटे कण काढावेत आणि मगच अँटिस्टॅटिक पावडरची पुरचुंडी कागदावर, अ‍ॅसिटेटच्या आतल्या बाजूवर आणि फोमच्या आतल्या कडांवर फिरवावी. पावडर दोन शत्रूंना एकाच वेळी आवरते. अ‍ॅसिटेटवरचा स्थिर विद्युतभार टिकल्यांना खिडकीकडे ओढतो, आणि फोम टेपच्या बाजूला उघडा राहिलेला गोंद त्यांना कडेला पकडतो. वाळल्यावरही ऑक्साइड पाण्याला प्रतिसाद देतच राहते, हेही लक्षात ठेवावे. खिडकीच्या आतला भाग सुरक्षित असतो, पण चौकटीबाहेर तीच शाई लावली असेल तर ओल्या बोटांचे ठसे उमटतात. त्यामुळे चौकटीसाठी साधा काळा कार्डस्टॉक मला अधिक योग्य वाटतो.

आकाशावर वाकडे झाड, वटवाघळे आणि पडका वाडा छापायचा, तर त्यासाठी ऑक्साइडचा काळा वापरू नये. त्याचा ठसा मऊ उमटतो. जुनाट परिणाम हवा असेल तेव्हा तो छान दिसतो, पण कोळ्याच्या जाळ्याची रेघ त्यात जाडावते. या कामासाठी त्सुकिनेको या जपानी कंपनीच्या व्हर्साफाइन क्लेअर मालिकेतील नॉक्टर्न हा काळा मला सर्वांत विश्वासाचा वाटतो. तो गडद आहे, बारीक रेघ अचूक धरतो आणि ऑक्साइडच्या मखमली थरावरही मलूल होत नाही. मात्र भूत किंवा मांजर पांढऱ्या कागदावर छापून अल्कोहोल मार्करने रंगवायचे असेल, तर हीच शाई मार्करच्या टोकाखाली पसरते. तेथे त्याच कंपनीची मेमेंटो टक्सिडो ब्लॅक घ्यावी. एकाच काळ्या पॅडवर सगळे भागवण्याचा मोह होतो, पण ही दोन कामे एक शाई नीट करू शकत नाही. खिडकीवरच जाळे छापायचे असेल तर तिसरी शाई लागते, स्टॅझऑन, कारण ती न शोषणाऱ्या पृष्ठभागावरही वाळते. अ‍ॅसिटेटवर स्टॅम्प घसरतो, म्हणून तेथे मिस्टीसारखे, स्टॅम्प झाकणाला चिकटवून त्याच जागी पुन्हा पुन्हा दाबता येणारे साधन असल्यास काम सुकर होते. अ‍ॅसिटेटवर एम्बॉसिंग पावडर (वितळून उठावाचा ठसा देणारी भुकटी) वितळवायची असेल तर उष्णता सोसणारेच अ‍ॅसिटेट घ्यावे; साधे अ‍ॅसिटेट हीट गनखाली वेडेवाकडे होते.

स्टॅम्पच्या बाबतीत हॅलोविनचे दोन सरळ पंथ आहेत, आणि ते शाईशी निगडित आहेत. लॉन फॉनसारख्या कंपन्यांचे पारदर्शक फोटोपॉलिमर (मऊ प्लॅस्टिकसारखा पदार्थ) स्टॅम्प गोंडस असतात: हसरी भुते, टोपी घातलेली मांजरे, खाऊची टोपली घेतलेले ससे. त्यांतून आरपार दिसत असल्याने ठसा कोठे पडणार हे आधी कळते, जे चंद्रासमोर नेमके वटवाघूळ बसवताना फार उपयोगी पडते. नव्या फोटोपॉलिमरवर मात्र शाई थेंबाथेंबाने गोळा होते; साध्या खोडरबरने पृष्ठभाग हलका घासून घेतला की ती समान बसते. दुसरा पंथ स्टॅम्पर्स अ‍ॅनॉनिमसच्या लाल रबराच्या स्टॅम्पांचा, ज्यांत टिम होल्ट्झ यांची जुन्या कोरीव चित्रांच्या धर्तीवरची कवट्या, कावळे आणि औषधांच्या बाटल्यांची चित्रे येतात. रबर ऑक्साइडला फोटोपॉलिमरपेक्षा सहज स्वीकारते. लहान मुलांसाठी मी पहिला पंथ निवडते, मोठ्यांसाठी दुसरा. एकाच कार्डात दोन्ही आले की चित्राचा सूर बिघडतो.

हा जुनाटपणा केवळ आजची फॅशन नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत अमेरिकेत हॅलोविनच्या पोस्टकार्डांचा मोठा बहर होता. प्रकाशक जॉन विंश यांनी १९११ पासून काढलेली कार्डे आज संग्राहक जपतात, आणि चित्रकार एलन क्लॅपसॅडल यांनी तर मुलांचा हात वरखाली हलवता येईल अशी यांत्रिक हॅलोविन कार्डेही केली होती. कार्ड हातात घेऊन हलवण्याची हौस शंभर वर्षांपूर्वीही होती, हे ती कार्डे पाहिली की मनोमन पटते.

पोकळीतील सामानाबद्दल थोडक्यात सांगते. चौकटीसाठी पट्ट्यांची फोम टेप वापरली तर कोपऱ्यांतल्या फटींतून बारीक मणी हमखास बाहेर पडतात. फोमच्या पत्र्यातून डायने सलग चौकट कापली तर तो प्रश्न उद्भवतच नाही. पोकळी निम्म्याहून कमी भरावी. काळ्या, जांभळ्या आणि नारिंगी टिकल्यांबरोबर थोडे पारदर्शक मणी मिसळले तर मागचे आकाश दिसत राहते, आणि एवढ्या कष्टाने केलेले आकाश झाकून टाकणे मला मान्य नाही.

टपालाचा विचार कार्ड आखतानाच करावा. अमेरिकेत सर्रास वापरले जाणारे कार्ड सव्वाचार बाय साडेपाच इंचांचे असते, आणि आठ पूर्णांक एक द्वितीयांश बाय अकरा इंचांच्या एका कागदातून अशी दोन कार्डे निघतात. अमेरिकी टपाल खात्याच्या नियमानुसार पत्राची जाडी पाव इंचाहून अधिक चालत नाही, आणि असमान जाडीच्या किंवा चौरस पाकिटाला जादा शुल्क पडते. शेकर कार्ड जवळजवळ नेहमीच त्या वर्गात जाते. या जादा शुल्कासाठी २०१० पासून फुलपाखरांची चित्रे असलेली खास तिकिटे निघत आली आहेत. तीच लावावीत आणि खिडकीवर पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून पाकीट बंद करावे. शेजारच्या मुलांना ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी हातातच द्यायचे असेल तर अर्थातच हा खर्च वाचतो.

न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या मराठी घरांना या शाईचा आणखी एक उपयोग आहे. दिवाळी आणि हॅलोविन पुष्कळदा पाठोपाठ येतात, २०२४ मध्ये तर एकत्रच आले होते. फॉसिलाइज्ड अँबर आणि कार्व्हड पंपकिन हे दोन रंग पणतीच्या ज्योतीसाठी तसेच्या तसे चालतात, आणि जांभळ्या आकाशात वटवाघळाऐवजी आकाशकंदील छापला की तीच पद्धत दिवाळीच्या कार्डालाही लागू पडते.

ज्यांना संपूर्ण संच एकदम घ्यायचा नाही, त्यांनी फॉसिलाइज्ड अँबर, कार्व्हड पंपकिन, पिक्ड रास्पबेरी, विल्टेड व्हायोलेट आणि ब्लॅक सूट हे पाच ऑक्साइड पॅड आणि छपाईसाठी नॉक्टर्न एवढ्यावर सुरुवात करावी. रंग पसरवण्यात पॅड लवकर सुकते, विशेषतः काळे आणि जांभळे, म्हणून त्या दोहोंच्या भरणीच्या बाटल्या सोबतच घेणे परवडते. ज्यांना फक्त स्वच्छ, ठसठशीत छपाई करून मार्करने रंगवायची आवड आहे आणि आकाश रंगवण्यात रस नाही, त्यांनी ऑक्साइडवर पैसे खर्च करू नयेत. त्यांना एक मेमेंटो आणि चांगला गडद रंगाचा तयार कागद पुरेसा आहे.