दुकानाच्या व्हॉट्सॲपसाठी कोणती लायब्ररी: बेलीज, व्हॉट्सॲप-वेब-जेएस की पायवा?

मसाल्याची गिरणी असो की क्लास, मागणी एकच: "ऑर्डर आली की व्हॉट्सॲपवर आपोआप मेसेज गेला पाहिजे, आणि खर्च नको." यातला पहिला भाग तिन्ही लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच, करतात. दुसऱ्या भागापायी दुकानाचा नंबर पणाला लावायचा का, एवढंच ठरवायचं असतं.

तिघींचा कोड खुला आहे. बेलीज आणि पायवा एमआयटी परवान्याखाली, व्हॉट्सॲप-वेब-जेएस अपाची २.० खाली. म्हणजे कोड फुकट; मेसेज फुकट की नाही, ते पुढे बघू.

व्हॉट्सॲप-वेब-जेएस लॅपटॉपवर चालू करायला चहा होईपर्यंतचा वेळ पुरतो. एनपीएमने, म्हणजे जावास्क्रिप्टच्या पॅकेज-भांडारातून, पॅकेज घ्यायचं, टर्मिनलवर क्यूआर कोड उमटला की फोनने स्कॅन करायचा, झालं. पण ही लायब्ररी आतून खराखुरा क्रोमियम ब्राउझर उघडते आणि व्हॉट्सॲप वेबच्या पानावर बसून काम करते. त्यामुळे खरी परीक्षा सर्व्हरवर. बिनस्क्रीनच्या उबुंटूवर क्रोमियमला लागणाऱ्या सिस्टीम फाइल्स नसतात. एक टाकली की दुसरी नाही म्हणून एरर येतो. सगळ्या टाकल्या तरी १ जीबी रॅमचा स्वस्त सर्व्हर ब्राउझरच्या वजनानेच वाकतो.

बेलीज ब्राउझर मधे आणतच नाही, वेबसॉकेटने, म्हणजे सतत उघड्या राहणाऱ्या जोडणीने, व्हॉट्सॲपच्या सर्व्हरशी थेट बोलते. त्यामुळे अर्धा जीबी रॅम वाचते, असं तिचे कर्तेच सांगतात. खाच वेगळीच आहे. लॉगिनच्या किल्ल्या फोल्डरात जेसन फाइल्स म्हणून साठवणारं जे तयार फंक्शन सगळे उदाहरणातून उचलतात, ते खऱ्या कामाला वापरू नका, असं तिथेच लिहिलेलं आहे. डेटाबेसमध्ये साठवण्याचा कोड आपणच लिहायचा. ते फोल्डर चुकून गिटच्या रेपोत, म्हणजे कोडच्या साठ्यात, गेलं, तर दुकानाचं अख्खं व्हॉट्सॲप लोकांच्या हाती दिल्यासारखं आहे. मी एकदा हा पराक्रम केला आहे. नशिबाने रेपो खाजगी होती; फोनमधल्या 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये जाऊन जोडणी तोडली आणि मग झोपलो.

या दोघींचं एक सामायिक दुखणं: त्या दुकानदाराच्या फोनला जोडलेलं उपकरण म्हणून चालतात. फोन १४ दिवसांहून जास्त बंद राहिला की लॉगआउट. मालक चारधामला गेले आणि फोन घरी कपाटात राहिला, तर तुमची यंत्रणाही यात्रेला. दुसरं, दोन्ही अनधिकृत आहेत. नंबर ब्लॉक होणार नाही याची हमी नाही, हे व्हॉट्सॲप-वेब-जेएसच्या माहितीपानावर स्पष्ट लिहिलंय. दहा वर्षं पिशव्यांवर छापलेला नंबर असेल तर माझ्या मते विषय तिथेच संपतो.

पायवा पायथनची आहे आणि व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा हिच्या अधिकृत क्लाउड एपीआयवर (प्रोग्रामने मेसेज पाठवायच्या सेवेवर) चालते. पिपने (पायथनच्या पॅकेज-साधनाने) घ्यायला एक ओळ, पण त्याआधी मेटाच्या डेव्हलपर खात्यात निम्मा दिवस जातो: ॲप, टोकन (प्रवेशाची किल्ली), नंबरचा आयडी, वेबहुकसाठी, म्हणजे आलेले मेसेज मेटाने आपल्याकडे पाठवण्यासाठी, एचटीटीपीएसचा पत्ता. सरावाला चाचणी नंबर मिळतो, त्यावरून पाचच जणांना मेसेज पाठवता येतात. सुरुवातीला मिळणारं टोकन २४ तासांत मरतं. आदल्या दिवशी सगळं चालवून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकासमोर तोंडघशी पडलो, तो धडा फुकट घ्या: सिस्टीम यूजरचं टोकन आधी काढा.

आता पैसे. गिऱ्हाइकाने मेसेज केल्यापासून २४ तास मोकळेपणाने उत्तर देता येतं; नंतर टेम्प्लेटच, म्हणजे मेटाने आधी मंजूर केलेला ठरावीक मजकूरच, लागतं. १ जुलै २०२५ पासून टेम्प्लेटचे पैसे दर मेसेजमागे लागतात, मात्र ऑर्डरची माहिती देणारं यूटिलिटी टेम्प्लेट त्या २४ तासांत फुकट जातं. ऑर्डरच व्हॉट्सॲपवर घ्या, बराच खर्च वाचतो.

टेम्प्लेट मराठीतही मंजूर होतात. अडतं ते बटणांवर. टेम्प्लेटबाहेरच्या मेसेजमधल्या उत्तराच्या बटणाला २० अक्षरांची मर्यादा आहे, आणि संगणक काना, उकार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजतो. "पुढच्या आठवड्यात पाठवा" हे डोळ्यांना अकरा अक्षरं आणि दोन मोकळ्या जागा. पायथनला विचारा, २२ सांगेल. "पुढील आठवड्यात" लिहा, बसतं.

लायब्ररीच्याच कोडला हातभार लावायचा असेल तर हिशेब उलटा होतो. व्हॉट्सॲप वेबच्या आतल्या मॉड्यूलमध्ये बदल झाला की व्हॉट्सॲप-वेब-जेएस तुटते, आणि क्रोमचं डेव्हलपर टूल उघडून ते कुठे सरकलं हे शोधणारा माणूस तिथे सोन्यासारखा. दुरुस्ती पाठवताना टाइपस्क्रिप्टची व्याख्या-फाइलही बदला, ती हाताने लिहिलेली आहे. बेलीजमध्ये प्रोटोबफ (डेटा बांधायची पद्धत) आणि सिग्नलचं एन्क्रिप्शन (मेसेज कुलूपबंद करायची पद्धत) कळल्याशिवाय खोलात उतरता येत नाही. शिकायला मिळतं मात्र सगळ्यात जास्त. पायवा नवख्याला सोपी, कारण एपीआयची कागदपत्रं जाहीर आहेत: तिथे एक फील्ड आहे आणि लायब्ररीत नाही, एवढं दाखवलं तरी पुल रिक्वेस्टचा, म्हणजे बदलाच्या प्रस्तावाचा, विषय झाला.

तिन्हीकडे बग कळवताना लॉग चिकटवण्याआधी त्यातले फोन नंबर पुसा. ते तुमचे नसतात, गिऱ्हाइकांचे असतात. आणि पॅकेजचं नाव नीट वाचून घ्या. बेलीजचा मुखवटा घालून मेसेज चोरणारं पॅकेज एनपीएमवर सापडलेलं आहे. असं काही चुकून बसलंच, तर नुसतं अनइन्स्टॉल करून भागत नाही, फोनमधून जोडणीही तोडावी लागते.

गिरणीवाल्याचं काम मी पायवावर ठेवलंय. रविवारी मात्र जुन्या सिमवर बेलीज चालवत बसतो.